‘वर्षानंतर फरक नाही’ म्हणजे नेमकं काय? मानेच्या ऑपरेशनवरचे पेपर वाचताना

आज थोडा वेगळा विषय घेते. पेटची तयारी करणारे किंवा कोर्सवर्कमध्ये अडकलेले तुमच्यापैकी अनेकजण विचारतात, ‘पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं?’ एरवी मी माझ्या रसायनशास्त्रातली उदाहरणं देते. या वेळचं उदाहरण घरातलं आहे. सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही, होऊ घातलेली ‘डॉक्टर’ आहे आणि तीही वेगळ्या अर्थाने. त्यामुळे हा लेख वैद्यकीय सल्ला म्हणून वाचू नका. पेपर कसा वाचावा आणि मी तो कसा चुकीचा वाचला, एवढंच यात आहे.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ५४. पावसाळ्यात तिची मान धरली, मग कळ उजव्या खांद्यातून खाली अंगठ्यापर्यंत जायला लागली आणि अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. रात्री झोप नाही, दिवसा फळ्यावर हात वर करून लिहिता येत नाही. एमआरआय झाला. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘मणक्यात गॅप आलाय, नस दबलीय, ऑपरेशन करून टाकलेलं बरं.’ दुसरे म्हणाले, ‘घाई नको, बहुतेकांचं आपोआप बरं होतं.’ दोघेही अनुभवी, आणि दोघांनीही ‘रिसर्च असंच सांगतो’ हे वाक्य वापरलं.

घरात पीएचडी करणारी मीच, म्हणून फाईल माझ्या हातात आली. मी एका रात्रीत बारा-पंधरा पेपर उतरवले, ॲबस्ट्रॅक्ट वाचले आणि सकाळी आईला निकाल सांगितला, ‘आई, ऑपरेशन केलं काय आणि नाही केलं काय, वर्षानंतर फरक नाही.’

आई म्हणाली, ‘अगं, पण ते वर्षभर फळ्यावर लिहिणार कोण?’

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी ते पेपर पुन्हा, या वेळी पूर्ण वाचले.

आधी दुखणं समजून घेऊ

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या मधून प्रत्येक बाजूला नसांची मुळं बाहेर पडतात. दोन मणक्यांमधली चकती बाहेर सरकली किंवा वयानुसार हाडाचे काटे वाढले, की या मुळावर दाब येतो, तिथे सूज येते आणि दुखणं हातात उतरतं. याला सर्व्हायकल रॅडिक्युलोपॅथी म्हणतात. कळ आणि मुंग्या कुठे येतात त्यावरून मूळ ओळखायचा प्रयत्न करतात. अंगठ्याकडे गेलं तर साधारण सहावं मूळ, मधल्या बोटाकडे गेलं तर सातवं.

हे प्रकरण मज्जारज्जूवर दाब येण्यापेक्षा वेगळं आहे. मज्जारज्जू दबला असेल तर शर्टाची बटणं लावता न येणं, हातातून वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं अशी लक्षणं दिसू शकतात. तिथे, किंवा हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल तर, पेपर वाचत बसायचं नसतं, तातडीने डॉक्टरांकडे जायचं. आईला यातलं काही नव्हतं, म्हणून तर दोन मतांना जागा होती.

प्रचलित ऑपरेशन मानेच्या पुढच्या बाजूने करतात. चकती काढायची, दाब मोकळा करायचा आणि वरचा-खालचा मणका एकमेकांना जोडून टाकायचा. अमेरिकेत स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी आणि हवाईतल्या क्लॉवर्ड यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत मांडली. म्हणजे हे ऑपरेशन साठ वर्षांहून जुनं आहे. इतक्या वर्षांत त्याची ‘न करण्याशी’ तुलना किती वेळा झाली असेल? २०१० साली कॉक्रेनच्या परीक्षणात निकषात बसणाऱ्या फक्त दोन चाचण्या सापडल्या, दोन्ही मिळून १४९ रुग्ण. त्यातली एक मज्जारज्जूच्या सौम्य दाबावर होती. म्हणजे आईच्या दुखण्याबद्दल उरली एकच, ८१ रुग्णांची.

पहिला पेपर: स्वीडन, १९९७

ती ८१ रुग्णांची चाचणी पर्सन आणि सहकाऱ्यांची. निदान तीन महिने हात दुखणाऱ्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, फिजिओथेरपी, मानेचा पट्टा. प्रत्येक गटात २७. चारेक महिन्यांनी ऑपरेशनचा गट पुढे होता, दुखणं कमी आणि ताकद जास्त. वर्षभरानंतरच्या तपासणीत तिन्ही गटांत फरक राहिला नाही.

माझं ‘वर्षानंतर फरक नाही’ हे वाक्य इथून आलेलं. आता बघा, मी काय काय गिळून टाकलं होतं.

एक, चार महिन्यांचा निकाल. पेपरमध्ये तो लपवलेला नाही, मीच तो गाळला, कारण शेवटचा आकडा हाच खरा निकाल असं आपल्याला वाटतं. पण दुखणं म्हणजे प्रयोगशाळेतली अभिक्रिया नव्हे, की शेवटी समतोल काय आला तेवढं लिहायचं. माझ्या क्षेत्रातही आपण अभिक्रियेचा वेग वेगळा मोजतो आणि शेवटचं उत्पादन वेगळं मोजतो. दोन वाटा एकाच ठिकाणी पोचत असतील, तरी एक चार महिन्यांत पोचते आणि दुसरी वर्षाने, हा फरकच आहे. ज्याला रात्री झोप नाही त्याच्यासाठी तर तोच मोठा फरक.

दोन, ‘फरक नाही’ आणि ‘फरक सापडला नाही’ यांतला फरक. कागद-पेन घ्या. दुखणं ० ते १०० मिलिमीटरच्या रेघेवर मोजलं आणि रुग्णारुग्णांमधलं प्रमाण विचलन २५ आहे असं समजा (हा आकडा केवळ हिशेबासाठी माझा आहे). दोन गटांत २७-२७ माणसं असतील तर सरासरीतल्या फरकाची प्रमाण त्रुटी येते २५ गुणिले २/२७ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ७. फरक १४ मिलिमीटरच्या आत असेल तर तो ‘सिग्निफिकंट’ येणारच नाही. आणि खरा फरक पकडण्याची ८० टक्के खात्री हवी असेल तर तो १९-२० मिलिमीटर असायला हवा. आता १० मिलिमीटरचा फरक खरोखर असेल तर? तो या जाळीतून निसटून जाईल. छोट्या चाचणीतलं ‘फरक नाही’ हे मोठ्या भोकांच्या जाळ्याने मासेमारी करून ‘तलावात बारीक मासे नाहीत’ म्हणण्यासारखं आहे. म्हणून पी-व्हॅल्यूच्या आधी विश्वास अंतराल बघायची सवय लावा. त्यात शून्यही बसत असेल आणि रुग्णाला महत्त्वाचा वाटेल एवढा फरकही बसत असेल, तर पेपरने काहीच नाकारलेलं नसतं.

दुसरा पेपर: पुन्हा स्वीडन, २०१३

एन्गक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी ६३ रुग्ण घेतले. एका गटाला ऑपरेशन अधिक फिजिओथेरपी, दुसऱ्याला फक्त फिजिओथेरपी. रचना चांगली आहे, कारण फिजिओथेरपी दोन्हीकडे आहे आणि फरक फक्त ऑपरेशनचा राहतो.

दोन वर्षांचा निकाल असा. नेक डिसॅबिलिटी इंडेक्स या मुख्य मापात दोन गटांत ठोस फरक नाही. हाताच्या दुखण्यातही नाही. मानेच्या दुखण्यात मात्र ऑपरेशनचा गट पुढे. आणि ‘एकंदर कसं वाटतंय’ या प्रश्नाला ‘बरं’ किंवा ‘खूप बरं’ म्हणणारे वर्षानंतर ऑपरेशनच्या गटात ८७ टक्के, दुसऱ्यात ६२ टक्के. दोन वर्षांनी ८१ आणि ६९ टक्के.

हा एकच पेपर वाचून आईचे दोन्ही डॉक्टर आपापलं म्हणणं सिद्ध करू शकतात. एकाने मुख्य माप धरायचं, दुसऱ्याने ८७ विरुद्ध ६२ धरायचं. कोणीही खोटं बोललेलं नाही.

तीसेक जणांच्या गटात एक माणूस म्हणजे ३ टक्क्यांहून थोडा जास्त, हे आधी लक्षात घ्या. ८१ आणि ६९ मधला फरक म्हणजे साधारण चार माणसं. टक्केवारी दिसली की मागची माणसं मोजा.

मग माप बघा. नेक डिसॅबिलिटी इंडेक्समध्ये दहा प्रश्न आहेत: दुखणं, स्वतःची आवराआवर, वजन उचलणं, वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, काम, गाडी चालवणं, झोप, विरंगुळा. बोटांच्या मुंग्यांचा प्रश्न त्यात नाही. आई गाडी चालवत नाही, पण रोज चार तास हात खांद्याच्या वर धरून लिहिते. ते या मापात ‘काम’ या एका ओळीत मावलं तर मावलं. माप चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. शेकडो अभ्यासांत एकच फूटपट्टी वापरली तर तुलना करता येते, हा त्याचा मोठा फायदा. पण ते माप ‘मान’ मोजतं आणि आईची तक्रार ‘हात’ आहे.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. ऑपरेशनमागचा युक्तिवाद नसेवरचा दाब काढण्याचा आहे आणि तो दाब हातात दुखतो. मग फायदा हाताच्या दुखण्यात दिसायला हवा होता. दिसला मानेच्या दुखण्यात. कदाचित हाताचं दुखणं दोन्ही गटांत इतकं कमी झालं की फरकाला जागाच उरली नाही. कदाचित मणका स्थिर झाल्याने मानेला आराम पडला. किंवा मापं अनेक घेतली की त्यांतलं एखादं योगायोगानेही वर येतं. या डेटावरून यातलं कोणतं खरं ते ठरवता येत नाही. तरी प्रश्न विचारायला हवा, कारण सांगितलेली यंत्रणा आणि सापडलेला परिणाम एकमेकांना जुळत नसतील तर लेखकांनी त्यावर थांबायला हवं.

तिसरा पेपर: तेच रुग्ण, पाच ते आठ वर्षांनी

२०१७ मध्ये याच चाचणीचा पुढचा भाग आला, ५९ रुग्णांचा. आता मुख्य मापात फरक दिसला: ऑपरेशनच्या गटात सरासरी २१ अंकांची सुधारणा, दुसऱ्यात ११. ‘बरं’ म्हणणारे ९३ टक्के विरुद्ध ६२ टक्के. हाताच्या दुखण्यातला फरक इथेही संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस नव्हता.

म्हणजे १९९७ चा पेपर म्हणतो सुरुवातीला फायदा, मग बरोबरी. २०१३ चा म्हणतो, मुख्य मापात दोन वर्षांपर्यंत ठोस फरक नाही. २०१७ चा म्हणतो, उशिरा फायदा. माझ्यासारखं ‘रिसर्च काय सांगतो’ असं एकवचनात विचारलंत, तर तुम्हाला उत्तर म्हणून यांतला एक पेपर मिळेल, जो हाताला आधी लागेल तो.

या तिसऱ्या पेपरचं कौतुक आधी करते. एवढी वर्षं रुग्णांना धरून ठेवणं किती कठीण असतं, हे प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरलेल्या कुणालाही विचारा. पण मर्यादाही मोठी आहे. कुणाचं ऑपरेशन झालं हे त्याला स्वतःला माहीत आहे, मानेवर खूण आहे, आणि ‘बरं वाटतंय का’ हे त्यालाच विचारलंय. ज्याने भूल घेतली, धोका पत्करला, महिनाभर घरी बसला, तो उत्तर देताना कोऱ्या पाटीने देत नाही. उलट, फिजिओथेरपीच्या गटातल्या काहींना ‘आपल्याला खरी ट्रीटमेंट मिळालीच नाही’ असंही वाटत असेल.

हा केवळ तर्क नाही. २०१४ मध्ये वार्तोलोव्हस्का आणि सहकाऱ्यांनी खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या ५३ चाचण्या एकत्र तपासल्या. निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे २७ चाचण्यांमध्ये खरी शस्त्रक्रिया खोट्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. त्यात वेगवेगळे अवयव आणि वेगवेगळ्या प्रक्रिया होत्या, त्यामुळे मानेलाही हेच लागू असं म्हणता येत नाही. पण जिथे रुग्ण स्वतःच मोजपट्टी आहे तिथे ही शंका मनात ठेवूनच वाचायचं.

आणखी एक अडचण गट बदलण्याची. कमरेच्या चकतीवरची अमेरिकेतली स्पोर्ट नावाची मोठी चाचणी (२००६) यासाठी जरूर वाचा. दोन वर्षांत ऑपरेशनच्या गटात टाकलेल्यांपैकी ६० टक्क्यांनी ते केलं आणि ‘ऑपरेशन नको’ गटातल्या ४५ टक्क्यांनी ते करून घेतलं! मग तुम्ही नक्की कशाची तुलना कशाशी करताय? चिठ्ठीनुसार मोजलं तर फरक पुसट होतो. प्रत्यक्ष उपचारानुसार मोजलं तर चिठ्ठी टाकण्याचा फायदाच जातो, कारण ज्यांना जास्त त्रास होता तेच उठून ऑपरेशनकडे गेले असणार.

‘आपोआप बरं होतं’ हे वाक्यही तपासू

इतका वेळ ऑपरेशनच्या बाजूचे आकडे सोलले, आता दुसरी बाजू. ‘९० टक्के लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात’ हे वाक्य तुम्हाला अनेक ठिकाणी दिसेल. त्याच्या मुळाशी बहुतेकदा अमेरिकेतल्या रॉचेस्टरचा अभ्यास असतो (राधाकृष्णन आणि सहकारी, १९९४). १९७६ ते १९९० मधले ५६१ रुग्ण. शेवटच्या तपासणीत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता, हे खरं. पण त्याच अभ्यासात २६ टक्के लोकांची शस्त्रक्रिया झाली होती! ते ९० टक्के सगळे मिळून आहेत. ‘ऑपरेशनशिवाय’ हा शब्द नंतर कुणीतरी चिकटवला आणि पुढच्यांनी मूळ पेपर न उघडता उतरवून घेतला. संदर्भ उतरवायचा असेल तर मूळ पेपर उघडायचाच, हा नियम यासाठीच असतो.

नेदरलँड्समध्ये कायपर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये २०५ रुग्णांवर चाचणी केली: पट्टा, फिजिओथेरपी किंवा फक्त वाट पाहणं. सहा आठवड्यांत पट्टा आणि फिजिओथेरपीवाल्यांच्या हाताचं दुखणं वाट पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे १२ मिलिमीटर जास्त कमी झालं. सहा महिन्यांनी तिन्ही गट सुधारलेले आणि सारखे. छान. पण इथे महिन्याभराच्या आतलं ताजं दुखणं असलेले रुग्ण होते, तर पर्सनच्या चाचणीत तीन महिने उलटून गेलेले. आपोआप बरे होणारे बरेचजण त्या तीन महिन्यांत गाळले गेलेले असतात. पहिल्या महिन्यातल्या माणसाला लागू पडणारा आकडा पाचव्या महिन्यातल्या माणसाला लावता येत नाही. पेपरमधला ‘समावेशाचे निकष’ हा कंटाळवाणा परिच्छेद आपण ओलांडून जातो, पण ‘हा पेपर माझ्याबद्दल आहे का’ याचं उत्तर तिथेच असतं.

आणि तो एमआरआय? २०१५ मध्ये जपानमधल्या १,२११ तक्रार नसलेल्या लोकांच्या मानेचे एमआरआय प्रसिद्ध झाले. ८७.६ टक्क्यांमध्ये चकती फुगलेली होती. विशीतल्या लोकांतही बहुतेकांची! म्हणजे रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहिलं म्हणून दुखणं तिथूनच आहे असं ठरत नाही. कळ कोणत्या बोटात जाते, तपासणीत कोणती ताकद कमी आहे आणि एमआरआयमध्ये कोणतं मूळ दबलंय, ही तिन्ही जुळली तर फोटोला अर्थ.

मग आम्ही काय केलं?

मी आईसमोर पुन्हा बसले, या वेळी निकाल न घेता. तिला सांगितलं की तुझं दुखणं सात आठवड्यांचं आहे, म्हणजे आपोआप कमी होण्याची शक्यता अजून बरीच आहे. ऑपरेशनने आराम लवकर पडू शकतो, पण गिळायला त्रास, आवाज बसणं असे धोके आहेत आणि शेजारचा मणका पुढे कुरकुरू शकतो. पुढे कोण सरस ठरतं याबद्दल पेपर एकमेकांशी सहमत नाहीत. आणि हाताची ताकद कमी होऊ लागली तर हा सगळा हिशेब रद्द, लगेच डॉक्टर.

तिने विचारलं, ‘किती दिवस वाट बघायची ते तरी सांगतात का तुझे पेपर?’ मी म्हटलं, ‘नाही. ते तुला ठरवायचंय, किती दिवस सोसवेल त्यावर.’

तिने दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची मुदत ठरवली. दुसऱ्या डॉक्टरांना ती सांगितली, त्यांनी दर दोन आठवड्यांनी पकड तपासायला बोलावलं. शाळेत तिने फळ्यावरचं लेखन चौथीच्या मुलींना वाटून दिलं. दिवाळीपर्यंत कळ बरीच कमी झाली. अंगठा अजून थोडा बधिर आहे.

यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. एक रुग्ण, कंट्रोल ग्रुप नाही, मोजणारी मुलगी पक्षपाती. ऑपरेशन केलं असतं तर कदाचित गणपतीतच बरं वाटलं असतं. आईचा निर्णय बरोबर होता असं मी म्हणते ते निकालावरून नाही. कोणता प्रश्न पेपरचा आणि कोणता तिचा, हे तिला माहीत होतं, म्हणून.

तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला असा एक पेपर घ्या ज्याच्या शेवटी ‘फरक आढळला नाही’ लिहिलंय, आणि चार गोष्टी शोधा: कधी मोजलं, काय मोजलं, कुणाला आत घेतलं, आणि किती मोठा फरक निसटू शकला असता. मग ते शेवटचं वाक्य स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. माझं वाक्य ‘वर्षानंतर फरक नाही’ या तीन शब्दांवरून सहा ओळींवर गेलं. आईला त्या सहा ओळी कळल्या.